खासगी गुप्तहेराचा परवाना : कायद्याने रिकामी ठेवलेली जागा

(लेखमाला : व्यवसाय आणि परवाना – लेखांक ७)

मागील लेखांकात खासगी सुरक्षारक्षक पुरविणाऱ्या संस्थांच्या परवान्याचा विचार झाला. त्या संस्थांच्या पाट्यांवर 'सिक्युरिटी'च्या शेजारीच 'डिटेक्टिव्ह' हा शब्दही पुष्कळदा रंगविलेला असतो, आणि त्यामुळे पहिल्या व्यवसायासाठी मिळालेला परवाना दुसऱ्यालाही लागू होतो, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की, भारतात खासगी गुप्तहेराला किंवा त्याच्या संस्थेला परवाना देणारा केंद्रीय कायदा अस्तित्वातच नाही. आणि ज्या व्यवसायाचे कामच मुळी दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचे आहे, त्याच्याच बाबतीत कायद्याने ही जागा रिकामी ठेवावी, ही गोष्ट गंभीरपणे विचारात घेण्यासारखी आहे.

खासगी सुरक्षा अभिकरण (विनियमन) अधिनियम, २००५ हा कायदा १५ मार्च २००६ पासून अमलात आला. त्यात 'खासगी सुरक्षा' म्हणजे लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने एखाद्या माणसाचे किंवा मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी पुरविलेली सेवा, अशी व्याख्या असून रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाड्यांची सेवाही तीत मोडते. माहिती काढणे, पाळत ठेवणे, चौकशी करणे यांचा मात्र त्या व्याख्येत उल्लेख नाही. या कायद्याची बांधणी किती तपशीलवार आहे, हे मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या टोंकखुर्द या तहसिलीचे उदाहरण घेतल्यास ध्यानात येते. टोंकखुर्दच्या रहिवाशाला पहारेकरी पुरविण्याची संस्था केवळ देवास जिल्ह्यापुरती चालवायची असेल, तर अर्जासोबत ५,००० रुपये भरावे लागतात; काम धार जिल्ह्यातही न्यायचे असेल, तर शुल्क १०,००० रुपये होते, कारण एकाहून अधिक आणि पाचपर्यंतच्या जिल्ह्यांसाठी तोच दर आहे; आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये लागतात. अर्जदाराच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, रक्षकांना ठरलेले प्रशिक्षण द्यावे लागते, परवाना ५ वर्षे चालतो, तो ठळक जागी लावावा लागतो, शर्ती मोडल्यास रद्द होऊ शकतो, आणि परवान्याविना धंदा केल्यास एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा अधिनियमात सांगितलेली आहे. बँकेच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा माणूस कोण असावा, याची इतकी काळजी वाहणारा हा कायदा, त्याच बँकेच्या खातेदाराच्या मागावर राहणाऱ्या माणसाविषयी अक्षरही बोलत नाही.

अशा स्थितीत टोंकखुर्दला किंवा देवास शहरात गुप्तहेर संस्था काढणाऱ्याला कोणती कागदपत्रे लागतात, तर कोणत्याही सामान्य सेवा-व्यवसायाला लागतात तीच. मध्य प्रदेश दुकान व स्थापना अधिनियम, १९५८ खालील नोंदणी, जिला व्यापारी मंडळी 'गुमास्ता' म्हणतात. भागीदारी असेल तर १९३२ च्या अधिनियमानुसार आणि कंपनी असेल तर २०१३ च्या अधिनियमानुसार नोंद. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराचा क्रमांक. नवलाची गोष्ट अशी की, करआकारणीच्या यादीत तपासविषयक सेवेला ९९८५२१ हा स्वतंत्र संकेतांक आहे, आणि राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातही ८०३ हा गट याच व्यवसायासाठी राखलेला आहे. म्हणजे कर घेण्यासाठी आणि गणती करण्यासाठी शासन या व्यवसायाला ओळखते, परंतु तो कोणी करावा याविषयी काही ठरवत नाही. जाहिरातींतील 'सरकारमान्य', 'परवानाधारक', 'नोंदणीकृत' या विशेषणांचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावे लागते. नोंदणी झालेली असते ती दुकानाची, कंपनीची किंवा कराची. व्यावसायिकांच्या संघटनेचे सदस्यत्व असेल, तर तेही त्या संघटनेपुरतेच. माणसाच्या योग्यतेची परीक्षा यांपैकी कोणत्याच कागदाने झालेली नसते. विम्याच्या क्षेत्रात ही विसंगती ठळकपणे दिसते, कारण तेथे नुकसानीचे मोजमाप करणाऱ्या सर्वेक्षकाला विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना घ्यावा लागतो; मात्र त्याच दाव्याचा खरेखोटेपणा पाहण्यासाठी विमा कंपनीने नेमलेल्या खासगी चौकशी करणाऱ्याला तसा परवाना लागत नाही.

ही पोकळी भरण्याचा एक प्रयत्न झाला होता. खासगी गुप्तहेर अभिकरण (विनियमन) विधेयक ऑगस्ट २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. केंद्रात व राज्यांत नियामक मंडळे, प्रत्येक संस्थेला परवान्याची सक्ती, आणि हाती घेतलेल्या कामांच्या लेखी नोंदी ठेवण्याचे बंधन, अशी त्याची रचना होती. विधेयक गृह व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीकडे गेले, अनेक वर्षे प्रलंबित राहिले आणि अखेर शासनाने ते मागे घेतले. त्याची जागा घेणारा कायदा त्यानंतर झालेला नाही.

परवाना नाही याचा अर्थ मोकळे रान आहे, असा मात्र होत नाही, आणि या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी हा भाग विशेष बारकाईने समजून घेणे आवश्यक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्ह्याचा तपास म्हणजे पोलीस अधिकाऱ्याने, किंवा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीने, पुरावा गोळा करण्यासाठी केलेली कार्यवाही होय. खासगी गुप्तहेर त्यात बसत नाही, म्हणून त्याला कोणाला चौकशीसाठी बोलावण्याचा, झडती घेण्याचा किंवा जबाब नोंदविण्याचा अधिकार नाही. अटकेचा जो मर्यादित अधिकार कोणत्याही नागरिकाला आहे, म्हणजे आपल्या समोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास धरून सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा, तेवढाच त्याला आहे. आपण पोलीस किंवा अन्य सरकारी अधिकारी आहोत अशी बतावणी करून त्या भूमिकेत काही करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खालील गुन्हा असून त्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास आहे. ओळखपत्रावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा छापणाऱ्यांना राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्धचा २००५ चा स्वतंत्र कायदा लागू होतो.

सर्वांत निसरडी वाट मोबाइलच्या माहितीची आहे. कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याचा तपशील, ज्याला पोलीस व वकील 'सीडीआर' म्हणतात, तो दूरसंचार कंपन्यांकडून केवळ ठरावीक दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांमार्फत किंवा न्यायालयामार्फत अधिकृतपणे मागविता येतो. असे तपशील बेकायदा मिळवून विकणारी साखळी ठाणे पोलिसांनी २०१८ च्या आरंभी उघडकीस आणली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरही होते, आणि त्या प्रकरणामुळे महाराष्ट्रातील या व्यवसायाची अंतर्गत घडी उघडपणे चर्चेत आली. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ ने हा प्रश्न नेमकेपणाने हाताळला : अधिकृत कंपनीकडील माहिती अनधिकृतपणे मिळविणे किंवा मिळविण्याचा प्रयत्न करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि कॉलचा तपशील त्या माहितीत मोडतो हे स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. याच्या जोडीला स्त्रियांवरील पाळतीचा प्रश्न येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. रस्त्यावरील पाठलागाला मात्र ते कलम तेव्हाच लागू होते, जेव्हा स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही तो पुरुष वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करतो. लांबून, काही न बोलता, दिवसेंदिवस मागे राहणाऱ्या आणि नोंदी करणाऱ्या माणसाला हे शब्द पुरेसे कवेत घेत नाहीत, आणि गुप्तहेराचे रोजचे काम नेमके तेच असते.

माळव्यातील मराठी समाजाच्या संदर्भात हा मुद्दा दूरचा नाही. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे आणि धारचे पवार यांच्या राजवटींबरोबर स्थिरावलेल्या कुटुंबांचे सोयरसंबंध इंदूर, ग्वाल्हेरपासून पुणे, नागपूरपर्यंत पसरलेले आहेत. पूर्वी स्थळाची चौकशी मामा, मावशी किंवा ओळखीचे भटजी करीत आणि दिलेल्या माहितीला त्यांचे नाव जोडलेले असे. मुलगा बंगळूरला आणि मुलगी पुण्याला नोकरीस असल्यावर ती चौकशी संस्थेकडे सोपविली जाते, आणि जिच्याविषयी अहवाल तयार झाला तिला तो तयार झाल्याचे कळतही नाही. गावगाड्यात चोरीचा माग काढणारा जागल्या गावाला जबाबदार असे, आणि माग शेजारच्या शिवेत शिरला की ती जबाबदारी त्या गावावर पडे, असे वर्णन ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टन यांच्या पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात आहे. माग काढणाऱ्याला जाब विचारणारे कोणीतरी असावे, ही अपेक्षा त्यामुळे मराठी समाजाला नवी म्हणता येत नाही.

गोळा केलेली माहिती न्यायालयात कितपत टिकते, हा वेगळा प्रश्न आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार छायाचित्र, चित्रफीत किंवा ध्वनिमुद्रण इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करताना ते कोणत्या उपकरणातून आले याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ मुळे कौटुंबिक वादात न्यायालयाला एरवी ग्राह्य नसलेली सामग्रीही विचारात घेता येते. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधील संभाषणाचे एकाने गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण त्यांच्या आपसांतील दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. या निर्णयाचा आधार घेऊन कोणतीही गुप्त नोंद चालते असा प्रचार करणे चुकीचे आहे, कारण तेथे ध्वनिमुद्रण करणारी व्यक्ती स्वतः त्या संभाषणात सहभागी होती, आणि त्रयस्थाने दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकण्याचा प्रश्न त्यात नव्हता.

इतर देशांनी घेतलेल्या मार्गांत मोठे अंतर आहे. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी तीन वर्षांचा, म्हणजे ६,००० तासांचा, तपासकामाचा अनुभव आणि लेखी परीक्षा लागते. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यात खासगी तपासनिसांचा समावेश झाला, २०१३ मध्ये गृहमंत्र्यांनी परवाना सक्तीचा करण्याची घोषणाही केली, तरी ती तरतूद आजवर लागू झालेली नाही. सर्वांत अधिक शिकण्यासारखा कायदा जपानचा आहे. २००६ साली संमत होऊन २००७ पासून लागू झालेल्या त्या कायद्यात गुप्तहेराला परीक्षा द्यावी लागत नाही, प्रांताच्या लोकसुरक्षा आयोगाकडे केवळ नोंद करावी लागते. परंतु काम स्वीकारण्यापूर्वी त्याला ग्राहकाकडून असे लेखी घ्यावे लागते की, मिळणारी माहिती गुन्ह्यासाठी, बेकायदा भेदभावासाठी किंवा अन्य बेकायदा कृत्यासाठी वापरली जाणार नाही, आणि तसा वापर होणार हे त्याला ठाऊक असेल, तर ते काम करण्यास त्याला मनाई आहे. घर सोडून गेलेल्या पत्नीचा पत्ता शोधायला सांगणारा पती तिला मारहाण करणारा असू शकतो, आणि आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्याचा ठावठिकाणा विचारणारे नातेवाईक त्यांच्या जिवावर उठलेले असू शकतात. या शक्यता भारतात पुस्तकी नाहीत. म्हणून अनुभवाच्या तासांची मोजदाद करणाऱ्या परवान्यापेक्षा ग्राहकाच्या हेतूची लेखी नोंद मागणारा जपानी नमुना भारतीय परिस्थितीला अधिक लागू पडणारा आहे.

असा कायदा होईपर्यंत आधार उरतो तो सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने मूलभूत ठरविलेल्या खासगीपणाच्या हक्काचा, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चा. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविलेली आहे. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीच्या वापराला या अधिनियमाने बरीच सूट दिलेली आहे. गुप्तहेर संस्था याच सुटीचा आधार घेतील, हे उघड आहे. न्यायालयातील वादासाठी केलेली चौकशी तिच्यात बसू शकेल, पण दावाच नसलेली विवाहपूर्व चौकशी तिच्यात कशी बसवायची, याचे उत्तर त्या संस्थांना द्यावे लागेल.