तीस अक्षरांची जाहिरात

वर्तमानपत्रांतील जाहिरातीचें मोल जागेवरून ठरतें. गूगलच्या शोधपानावरील जाहिरातीचें मात्र बहुधा टिचकीगणिक चुकवावें लागतें. २००० सालीं ही सेवा सुरू झाली, तेव्हां मथळ्यास २५ अक्षरांचीच जागा होती. आज ती, मोकळ्या जागा धरून, ३० अक्षरांची आहे, आणि वर्णनाच्या प्रत्येक मजकुरास ९०. इतक्या अल्प जागेंत अलंकारांना वाव कोठून असणार?

शोधणारा मनुष्य आपली गरज स्वतःच लिहून देत असतो. म्हणून त्याचेच शब्द मथळ्यांत यावेत. ‘उत्तम पैठणी’ एवढ्यानें कांहींच कळत नाहीं; ‘हातमागाची रेशमी पैठणी’ म्हटलें कीं वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते. वर्णनांत किंमत सांगावी, आणि वाचकानें पुढें काय करावें तेंही: ‘रंग पाहा’, ‘मागणी नोंदवा’.

किंमत सांगितल्यानें टिचक्या कांहींशा घटतील हें खरें. परंतु त्यांत तोटा नाहीं. ज्याला ती परवडत नाहीं तो आंत येऊन रित्या हातानें परतला, तरी त्याच्या टिचकीचे पैसे दुकानदारासच पडतात. सारांश, चांगली जाहिरात योग्य गिऱ्हाइकाला जितक्या अगत्यानें बोलावते, तितक्याच सौजन्यानें इतरांना दारावरूनच निरोप देते.