जाळी आहे म्हणून निर्धास्त?

शारजातल्या अल मजाजमध्ये खालिद लगूनच्या काठाला उंच इमारती उभ्या आहेत. तिथल्या फ्लॅटमध्ये मूल वाढवणाऱ्या घरांत एक समज हमखास ऐकू येतो: खिडकीला डासांची जाळी आहे, मूल पडणार नाही. ही जाळी डास अडवते, पण मुलाचं वजन पेलत नाही. जोरात रेललं तर चौकटीसकट निघून येते. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे वाकताच तोल पुढे जातो. त्यात कठड्याला टेकवलेली खुर्ची किंवा उलटी बादली म्हणजे आयती पायरी. पहिली-दुसरीतल्या मुलाला ‘बाल्कनीत जायचं नाही’ एवढंच बजावू नका. ती खुर्ची त्याच्याच हातून आत आणवून घ्या आणि कारणही सांगा. मात्र खिडकी 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा लॉक बसवणं आपलंच काम. मुलाला शिकवलं की आपली जबाबदारी संपली, हा तर त्याहून मोठा गैरसमज आहे.

‘मूल गाडीत कसं विसरेल कुणी?’ असंही लोक म्हणतात. जून 2019 मध्ये दुबईत सहा वर्षांचा मुलगा बसमध्येच राहून गेला आणि दगावला. काच थोडी खाली ठेवली तरी उन्हात उभी गाडी काही मिनिटांत तापते. म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलाला चालकाच्या जागी बसवून हॉर्न वाजवायला लावा. एका बोटाने भागत नाही; दोन्ही तळहात टेकवून अंगाचा भार टाकावा लागतो. हे करूनच कळतं. आपली माणसं येईपर्यंत थांबून थांबून वाजवत राहायचं, हेही सांगा.

स्कूलबसचा ‘स्टॉप’ फलक उघडला की मागच्या-पुढच्या गाड्यांनी किमान पाच मीटरवर थांबायचं, नाही तर 1000 दिरहम दंड आणि 10 ब्लॅक पॉइंट. म्हणून रस्ता निर्धोक झाला असं नाही. येणाऱ्या गाडीचा वेग या वयात नीट जोखता येत नाही. गाडी खरंच थांबली का, ते पाहूनच पाऊल टाकायचं.

पोहायला येतं म्हणून तलावावर निर्धास्त बसू नये. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याची शक्ती जाते. मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही; मोठ्यांना हाक मारायची, हाताशी तरंगणारं काही असेल तर फेकायचं.

पोलिस 999, रुग्णवाहिका 998, आग 997 हे आकडे मुलं पटकन पाठ करतात. पण फोन लागल्यावर इमारतीचं नाव, मजला आणि फ्लॅट नंबर सांगता आला पाहिजे. आई-बाबांचा मोबाइल लॉक असतानाही इमर्जन्सी कॉल कसा लावायचा, ते मुलाला आजच दाखवा.