घड्याळ डाव्या हातात, घास उजव्या हातात

जेवायला बसण्याआधी तुम्ही हात कसे धुता, एकदा नीट बघा. बहुतेकांचं काम पाच सेकंदांत आटोपतं. उजव्या हाताची बोटं नळाखाली धरायची, साबण असला तर असला, आणि ओला हात जीन्सला पुसून थेट पोळीभाजीवर. डावा हात? त्याने जेवायचंच नाही, मग त्याला कशाला धुवायचं! आणि स्मार्टवॉच असतं ते बहुतेकांच्या याच डाव्या मनगटावर.

फायनल इअरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर इथे एक मस्त विषय दडलाय. नीट हात धुवायला लावणारं स्मार्टवॉच अ‍ॅप. वाटतं सोपं, पण डिझाइन करायला बसलं की घाम काढतं.

कल्पना नवीन नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी वॉचसाठी हात धुण्याची आठवण करून देणारं अ‍ॅप आणलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या वॉचओएस ७ मध्ये अ‍ॅपलने एक पाऊल पुढे टाकलं. घड्याळातले मोशन सेन्सर हाताची चोळण्याची हालचाल ओळखतात, मायक्रोफोन पाण्याचा आवाज ऐकून खात्री करतो आणि स्क्रीनवर २० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. मध्येच थांबलात तर घड्याळ म्हणतं, अजून झालं नाही!

पण फक्त सेकंद मोजून भागत नाही. वीस सेकंद नुसते तळवे चोळले तरी मोजणी पूर्ण होते. राहून जातात ते अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. तळवे, हाताची मागची बाजू, बेचक्या, बोटांची पाठ, अंगठे आणि टोकं. ओलं करण्यापासून कोरडं करण्यापर्यंत सगळं मिळून ४० ते ६० सेकंद.

यातल्या बऱ्याच पायऱ्यांत मनगट वेगळ्या पद्धतीने हलतं आणि जायरोस्कोपला तो फरक टिपता येतो. गंमत अंगठ्यांची आहे. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून फिरवला की घड्याळाचं मनगट वळतं, सेन्सरला स्पष्ट कळतं. डावा अंगठा उजव्या मुठीत गेला की डावं मनगट जवळजवळ स्थिर असतं आणि घड्याळाला फारसं काही दिसत नाही. अशा वेळी अ‍ॅपने अंदाजाने शाबासकी देऊ नये. एक छोटं व्हायब्रेशन देऊन ‘आता दुसरा अंगठा’ एवढं सुचवावं. व्हायब्रेशनच का? कारण साबणाच्या हाताने टचस्क्रीन धड चालत नाही. हात धुताना बटण दाबायला लावणारं अ‍ॅप दुसऱ्या दिवशी कोण वापरणार?

दुसरी अडचण पाण्याची. वाहत्या नळाचा आवाज हीच खूण धरली, तर बादली-मगावर हात धुणाऱ्याचं काय? साबण चोळताना शहाणा माणूस नळ बंद करतो, त्याचं काय? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा राज्यात नळ सोडून ठेवणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क देणारं अ‍ॅप चालणार नाही. आपल्या अ‍ॅपने उलट साबण लावल्यावर ‘नळ बंद’ अशी आठवण करायला हवी.

त्यासाठी डेटा आपलाच लागेल. होस्टेलमधल्या पंधरा-वीस मित्रमैत्रिणींच्या हातात घड्याळ बांधा आणि बेसिनवर, मोरीत, बादलीपाशी हात धुतानाच्या हालचाली नोंदवा. सोबत भांडी घासणं, कणीक मळणं, कपडे चोळणं याही नोंदी घ्या, नाहीतर भाकरी थापतानाच घड्याळ उलटी मोजणी सुरू करेल! मॉडेलची परीक्षा मात्र अशांवर घ्या, ज्यांचा डेटा त्याने आधी पाहिलेलाच नाही. ओळखीच्या हातांवर मिळालेली अचूकता फसवी असते.

मायक्रोफोन वापरलात तर आवाज घड्याळातच तपासून तिथेच पुसून टाका. बाथरूममधलं रेकॉर्डिंग कुठल्या सर्व्हरवर जातंय म्हटलं तर कोणीही अ‍ॅप उडवेल, आणि बरोबरच आहे ते.

आठवण कधी करायची, हेही ठरवावं लागेल. दर तासाला वाजणारं घड्याळ तिसऱ्या दिवशी म्यूट होतं. बाहेरून घरी आल्यावर, मेसच्या वेळेआधी, अशा मोजक्या क्षणी केलेली आठवण ऐकली जाते. आणि हो, डॉक्टर-नर्सना ग्राहक धरू नका. रुग्ण तपासताना मनगटावर घड्याळ नसावं, असाच अनेक रुग्णालयांचा नियम असतो. आपला वापरकर्ता घरातला, होस्टेलमधला, टपरीवर वडापाव खाणारा.

शेवटी अ‍ॅप पास की नापास, हे डाउनलोडवरून ठरवू नका. महिनाभर वापरल्यावर आठवडाभर घड्याळ काढून ठेवायला सांगा. तरीही जेवणाआधी दोन्ही हात, दोन्ही अंगठ्यांसकट, साबणाने धुतले जात असतील, तर तुमचं अ‍ॅप फर्स्ट क्लासमध्ये पास!