साखरपुडा झाला, घरात पैसे घातले; हक्क मिळाला का?

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते, "त्यांच्या घरावर स्लॅब टाकायचाय, पन्नास हजार कर्ज द्या." कर्ज मुलीच्या नावावर, घर मात्र होणाऱ्या नवऱ्याचं आणि त्याच्या भावाचं सामाईक. तुम्ही ओतूरच्या असा की मंचरच्या, आधी एवढं समजून घ्या.

साखरपुड्याने घरात हक्क येत नाही. लग्नानेसुद्धा मालकी येत नाही, हे तर पुष्कळ जणींना ठाऊकच नसतं! लग्नानंतर सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळतो (कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५). हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, नवऱ्यामागे मुलं आणि सासूबरोबर त्याच्या हिश्श्यात वाटाही मिळतो. लग्नाआधी त्याचं काही बरंवाईट झालं तर यातलं काहीच नाही. हप्ते मात्र तुमच्याच मागे.

आता सामाईक म्हणजे नक्की कोणाकोणाचं? नमुना ८ वर दोन भावांची नावं दिसतील. पण घर वडिलोपार्जित असेल तर त्यांच्या बहिणींचाही वाटा भावांइतकाच. २००५ ची दुरुस्ती तेच सांगते. तेव्हा "माझा अर्धा भाग तुझाच की" असं तो प्रेमाने म्हणाला, तरी मुळात त्याचा अर्धा आहे का, ते बघा. शिवाय वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित घरातला हिस्सा त्याला एकट्याला बक्षीस देता येत नाही. आधी नोंदणीकृत वाटणीपत्र हवं.

पैसे द्यायचेच असतील तर रोख देऊ नका. बँक खात्यातून द्या आणि ते उसने दिलेत असं स्टॅम्पपेपरवर लिहून, दोघा भावांच्या सह्या घ्या. मागताना ओशाळवाणं वाटेल, पण गटाचं कर्ज घेताना आपण सह्या करतोच ना? या कागदाने मालकी मिळत नाही, पैसे परत मागायला पुरावा राहतो. वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो.

लग्न झालं, हिस्साही वेगळा झाला, की नवऱ्याला बक्षीसपत्र करता येतं. राहतं घर बायकोला दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, इतर आकार वेगळे. लग्नाआधी ही सवलत नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ वर दोघांची नावं लावता येतात, तीही लावून घ्या; मात्र ती घरपट्टीची नोंद आहे, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

वकिलाच्या फीची काळजी नको. उत्पन्न कितीही असो, बाईला कायदेशीर मदत मोफत आहे. जुन्नर किंवा घोडेगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, आणि जाताना घराचा उतारा बरोबर न्या.