1,047 वजा 1,047

ऐन गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला साधारण ए-फोर कागदाएवढी जागा येते. दोन पाय, पोटाशी घेतलेली बॅग आणि असलाच तर थोडा मानसन्मान, सगळं त्यातच. करोनापूर्वी या गाड्यांमधून रोज 75 लाखांहून अधिक प्रवासी-फेऱ्या व्हायच्या.

ही गर्दी ज्या मुलखातून येते, तो मुंबई महानगर प्रदेश 6,328 चौरस किलोमीटरचा. अख्खं गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं, म्हणजे हे जवळजवळ पावणेदोन गोवे झाले. गोव्याच्या बसचा, पुलाचा, रस्त्याचा प्रश्न विचारायला 40 आमदारांची विधानसभा आहे. इथे नऊ महापालिका, शिवाय नगरपरिषदा आणि शेकडो गावं. आणि प्रत्येकाला आपल्या हद्दीपुरतंच दिसतं.

बदलापूरहून सकाळी निघालेला माणूस मुंबईत पोचेपर्यंत काय काय ओलांडतो? कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, मुंबई. सहा स्थानिक स्वराज्य संस्था. त्याचं मत यांतल्या एकीतच चालतं. उरलेल्या पाच हद्दींत त्याच्याकडे फक्त पास असतो. रुळांचा मालक तर दिल्लीत.

आता मुख्य आकडा. नऊ महापालिकांच्या नगरसेवकांच्या जागा मोजू: मुंबई 227, ठाणे 131, कल्याण-डोंबिवली 122, वसई-विरार 115, नवी मुंबई 111, मीरा-भाईंदर 95, भिवंडी 90, उल्हासनगर आणि पनवेल प्रत्येकी 78. बेरीज 1,047. नवी मुंबईची मुदत 2020 मध्येच संपली, मुंबईची 7 मार्च 2022 ला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर नवव्या सभागृहालाही कुलूप लागलं. ओबीसी आरक्षणाचा खटला, मुंबईतल्या प्रभागांची संख्या 227 ची 236 आणि पुन्हा 227, या घोळात मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झालं. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ 1,047 पैकी पदावर असलेले नगरसेवक: शून्य.

कामं काही थांबली नाहीत. याच काळात 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, सागरी किनारा रस्ता सुरू झाला, 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण झाली, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन उरकलं. मुंबई महापालिकेचे तीन अर्थसंकल्प सभागृहाशिवाय मंजूर झाले: 52,619 कोटी, 59,954 कोटी आणि 74,427 कोटी. एकूण सुमारे 1 लाख 87 हजार कोटी रुपये. रिकाम्या 227 खुर्च्यांवर वाटले तर खुर्चीमागे 824 कोटी! आयुक्तच प्रशासक असल्याने प्रस्ताव मांडणारी आणि मंजूर करणारी यंत्रणा एकच होती.

नगरसेवक होते तेव्हा त्यांनी काय दिवे लावले, असं कुणी विचारेलच. रास्त आहे. आरेतली 2,646 झाडं तोडण्याचा आणि हलवण्याचा प्रस्ताव ऑगस्ट 2019 मध्ये नगरसेवक असलेल्या वृक्ष प्राधिकरणानेच मंजूर केला होता, 8 विरुद्ध 6 मतांनी. पण ते आठ कोण आणि सहा कोण, हे दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पुढच्या निवडणुकीत दारात आलेल्या माणसाला जाब विचारता येईल, एवढी तरी सोय झाली. बेस्टच्या बसचंच पाहा. सभागृह होतं तेव्हा, जुलै 2019 मध्ये, किमान भाडं आठ रुपयांवरून पाचवर आलं. मे 2025 मध्ये ते पाचाचं दहा झालं. बेस्टचा तोटा खरा, भाडेवाढ कदाचित अटळही असेल. पण भाडं दुप्पट करताना मतदारांना तोंड दाखवावं लागणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

सगळा दोष रिकाम्या खुर्च्यांच्या माथी मारणंही भाबडेपणाचं ठरेल. सुमारे 337 किलोमीटरच्या नियोजित मेट्रोजाळ्याला मंजुरी राज्य मंत्रिमंडळाकडून मिळते. मुंबईच्या महापौरांना एमएमआरडीएत, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, जागा आहे, पण ती एका शहराची खुर्ची, 1,047 जणांची नव्हे. 2008 साली सगळ्या वाहतूक यंत्रणांचा मेळ घालायला प्राधिकरण नेमलं, तेही मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली.

उपाय मात्र घटनेतच लिहिलेला आहे, 1993 पासून. 243 झेडई या कलमानुसार महानगर प्रदेशासाठी नियोजन समिती हवी, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य त्या प्रदेशातल्या नगरसेवकांनी आणि पंचायत अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे. अख्ख्या प्रदेशाच्या विकास आराखड्याचा मसुदा या समितीने करायचा. बदलापूरचा प्रतिनिधी मुंबईच्या स्टेशनाबद्दल अधिकाराने बोलू शकेल, अशी ही एक जागा. जानेवारी 2026 मध्ये निवडून आलेला नगरसेवक सत्काराला येईल, तेव्हा हार घालण्याआधी त्याला विचारा: या समितीची बैठक कधी?