विच्छेदनकक्षातील सात दशके

जबलपूरच्या भर बाजारात उभे असलेले कमानिया गेट हे १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय आणि त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांचेच नाव शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. १९५५ साली हे महाविद्यालय निघाले तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला, तरी शरीररचनाशास्त्राच्या अध्यापनाची घडी दोन्हीकडे एकच राहिली.

या विषयाच्या अध्यापकाची उमेदवारी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, म्हणजे विच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून प्रात्यक्षिक दाखवणारा म्हणून, सुरू होई आणि फॉर्मॅलिनने, म्हणजे प्रथिने घट्ट करून कुजणे थांबवणाऱ्या द्रावणाने, टिकवलेल्या शवातील स्नायू, धमन्या व मज्जातंतू एकेक मोकळे करून दाखवण्यात त्याची वर्षे जात. व्याख्याता, रीडर, प्राध्यापक या पायऱ्या चढल्यावरही शल्यचिकित्सकासारखी रुग्णांमधली कीर्ती त्याच्या वाट्याला येत नसे, कारण त्याच्याकडे रुग्णच नसत.

याला ठळक अपवाद ठरले डॉ. बी. डी. चौरसिया. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात १९४६ साली स्थापन झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवत आणि १९७९ मध्ये निघालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकातील आकृत्या इतक्या साध्या होत्या की विद्यार्थ्याला त्या उत्तरपत्रिकेत सहज काढता येत. मुद्देवार मांडणीमुळे घोकंपट्टी वाढली हा आक्षेप खोटा नाही. मात्र १८५८पासून चालत आलेल्या ग्रेच्या जाडजूड ग्रंथापुढे दबून जाणाऱ्या मुलांना, विशेषतः इंग्रजी बेताचे असलेल्यांना, याच पुस्तकाने विषयात उभे केले. पन्नाशीही न गाठता १९८५ मध्ये चौरसिया वारले, परंतु इतरांच्या संपादनाखाली पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या.

अध्यापकाच्या कामाला खरा धक्का बसला तो १९९७च्या नियमांनी, कारण शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे तिन्ही विषय ज्यात शिकवले जातात तो एम.बी.बी.एस.चा पहिला टप्पा तेव्हा अठरा महिन्यांवरून बारावर आला आणि सर्वाधिक वेळ खाणारे विच्छेदन साहजिकच आखडले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे याच तीन विषयांची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली; त्यांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या, हा निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे. वाचणे त्यामुळे सुकर होईल, पण शवाजवळ उभे राहून शिकवण्याची जुनी सवड अध्यापकाला अद्याप परत मिळालेली नाही.