उजवी सोंड आणि चौथी मिती

खगोलशास्त्र मराठी वाचकापर्यंत नेणाऱ्या लेखनाचा आढावा घेताना डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांना मध्यभागी ठेवावे लागते, याविषयी दुमत नाही. मात्र त्यांच्या लेखनातील कोणता भाग अधिक टिकाऊ आहे, याची चर्चा फारशी झालेली नाही. श्रद्धांजलीपर लेखनात कृष्णविवरे, धूमकेतू, स्थिर विश्वाचा सिद्धान्त आणि फलज्योतिषाला केलेला विरोध हे विषय साहजिकच पुढे आले, आणि ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही त्यांची सुरुवातीच्या काळातील कथा एक गमतीदार कल्पना म्हणून उल्लेखापुरती उरली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की तीन मितींपलीकडची भूमिती सामान्य वाचकाला कशी समजावून द्यावी, याचा मराठीतील सर्वांत चांगला नमुना याच कथेत आहे, आणि त्या नमुन्याकडे पाठ फिरवल्यामुळेच या विषयावरचे आजचे मराठी लेखन चमत्काराच्या वाटेला लागले आहे.

पूर्वपीठिका परिचित आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली आला, ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून पुण्यात निघू लागले, मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि आपली आद्याक्षरे उलटी करून ते नाव घेणारा लेखक म्हणजे केंब्रिजहून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे नारळीकर होत, हे नंतर उघड झाले. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’, ‘आकाशाशी जडले नाते’ आणि साहित्य अकादमीचा २०१४ चा पुरस्कार मिळालेले ‘चार नगरांतले माझे विश्व’ ही पुस्तके नंदुरबार, शहादा, तळोदा येथल्या वाचकांनाही नवी नाहीत. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक संचालकपद, नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यांची उजळणी अन्यत्र पुरेशी झाली आहे. विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि सापेक्षता सिद्धान्ताचे संशोधक असल्यामुळे चार मितींचे अवकाश-काल हे ज्या घरातील रोजच्या अभ्यासाचे साधन होते, त्या घरात हा लेखक वाढला.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचे बीज सांगण्यास सोपे आहे. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डावखुरा होतो, डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, आणि या दोन्ही घटनांचे कारण एकच निघते: वस्तू अवकाशाच्या अशा पिळातून फिरून आली आहे की परतताना ती स्वतःचे आरशातील प्रतिबिंब बनली आहे. ही कल्पना नारळीकरांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. डाव्या व उजव्या हातांचे सर्व अंतर्गत मोजमाप सारखे असूनही एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, हे कांटने १७६८ मध्ये नोंदवले होते, चौथी मिती उपलब्ध असती तर असे दोन आकार एकमेकांवर बसवता आले असते, हे मोबियसने १८२७ मध्ये सांगितले, आणि एच. जी. वेल्सने १८९६ मध्ये चौथ्या मितीतून परतल्यावर हृदय उजवीकडे गेलेल्या शिक्षकाची कथा लिहिली. नारळीकरांचे श्रेय खूण निवडण्यात आहे. गणपतीची सोंड कोणत्या बाजूला वळली आहे, हे मराठी घरातील लहान मूलही पाहते. उजव्या सोंडेची मूर्ती विरळा, तिच्या पूजेचे नियम कडक, अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा गणपती त्या घडणीचा, हे ज्ञान वाचकाजवळ आधीच असते. डावी आणि उजवी घडण यांतील फरक, ज्याला भूमितीत दिशाभिमुखता म्हणतात, तो समजावण्यासाठी लेखकाला वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही, कारण ती वाचकाच्या देव्हाऱ्यात असते.

या कथेतील शास्त्र नीट वाचणाऱ्याला तिच्यामागे दोन वेगळ्या कल्पना दिसतात. कागदातून कापलेले ‘ट’ हे अक्षर टेबलावर कितीही सरकवले वा फिरवले तरी उलटे ‘ट’ होत नाही; ते उचलून पालथे करावे लागते, म्हणजे सपाट पृष्ठाबाहेरच्या तिसऱ्या मितीतून न्यावे लागते. त्याच न्यायाने उजव्या हाताचा डावा हात करण्यासाठी चौथ्या मितीतून जावे लागेल. दुसरी कल्पना मोबियस पट्टीची आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवली की ही पट्टी तयार होते; ती पारदर्शक आहे असे मानून तिच्यावर रेखलेले ‘ट’ पट्टीवरून एक पूर्ण फेरी मारत नेले, तर पट्टी एकदाही न सोडता ते उलटे होऊन मूळ जागी येते. पहिल्या प्रकारात वस्तू आपल्या अवकाशाबाहेर जाते, दुसऱ्यात अवकाशाचीच घडण वस्तूला उलटवते, आणि ‘पीळ’ हा शब्द वापरणाऱ्या कथेचा आधार दुसऱ्या प्रकाराचा आहे. कथेवर लिहिणाऱ्यांनी हा भेद क्वचितच नोंदवला आहे. उलटलेल्या माणसाचे पुढे काय होईल, हा तिच्यातून उगवणारा प्रश्न तर त्याहून रोचक आहे: सजीवांची प्रथिने जवळजवळ पूर्णतः डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात, आणि विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, विशिष्ट घडणीचाच रेणू ओळखतात, त्यामुळे उलटलेल्या माणसाला नेहमीचे पोटभर जेवण मिळूनही त्याचे पोषण होणार नाही. एका मूर्तीच्या सोंडेपासून जीवरसायनापर्यंत वाचकाचा विचार सलग पोहोचतो, आणि वाटेत कोठेही त्याला न दिसणारी गोष्ट डोळ्यांसमोर आणण्याचा हट्ट धरला जात नाही.

या प्रकारच्या कथांना ‘माहितीचे सांगाडे’ ठरवणारा एक समीक्षावर्ग मराठीत दीर्घकाळ प्रभावी होता. त्याचा आक्षेप व्यक्तिरेखा सपाट असल्याचा होता, आणि काही कथांपुरता तो खराही आहे. परंतु ज्या कथेचे नाट्य कल्पनेच्या परिणामांत आहे, तिचे मोजमाप केवळ व्यक्तिरेखेच्या खोलीने करणे न्यायाचे नाही. दुसरा वर्ग व्याख्यात्यांचा. चौथी मिती म्हणजे काळ, एवढे सांगून विषय मिटवण्याची सवय त्यांनी लावली. मिन्कोव्स्कीने १९०८ मध्ये अवकाश आणि काळ यांना एकत्र गुंफले, हे खरे. पण त्या गुंफणीत काळाचे पद विरुद्ध चिन्हाने येते, म्हणून काळाच्या मितीतून हात उलटवून आणता येत नाही. लांबी, रुंदी, उंचीसारखी चौथी अवकाशीय मिती हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि रीमानने १८५४ मध्ये त्याला पक्का गणिती पाया दिला. नारळीकरांची कथा या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

उच्च मिती दाखवता येत नाहीत; त्या मोजता येतात, आणि त्यांची सावली पाडता येते. बिंदूला एक शिरोबिंदू, रेषाखंडाला दोन, चौरसाला चार, घनाला आठ, म्हणून चार मितींच्या घनाला सोळा, हे कोणतेही मूल सांगू शकते. कडांसाठी किंचित विचार लागतो: घन स्वतःला लंब दिशेने सरकला की सुरुवातीच्या बारा कडा, शेवटच्या बारा कडा आणि आठ शिरोबिंदूंनी सरकताना रेखलेल्या आठ कडा मिळून बत्तीस होतात. त्याच रीतीने चौरस चोवीस आणि घन आठ येतात. येथे डोळे मिटून काही ‘पाहण्याची’ गरज नसते, आणि सहाव्या-सातव्या इयत्तेचे गणित पुरते.

सावलीच्या प्रयोगासाठी नंदुरबार जिल्हा विशेष सोयीचा आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे साडेएकवीस अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास येथे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली बिंदूएवढी होते, म्हणजे एक मिती पूर्णपणे लोपते. त्याला शून्य सावली म्हणतात. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगराळ भागात बांबू मुबलक आहे, त्याच्या बारा सारख्या कामट्या बांधून घनाचा सांगाडा केला आणि त्या वेळी सपाट जमिनीवर ठेवला, तर बारा कडांची सावली अवघ्या चार रेषांची पडते. तोच सांगाडा अंधाऱ्या खोलीत ठेवून त्याच्या बरोबर वर थोड्या अंतरावर दिवा धरला, तर दिव्याजवळचा वरचा चौरस मोठा आणि तळाचा लहान पडतो, व चार उभ्या कडा दोन्ही चौरसांचे कोपरे जोडणाऱ्या तिरप्या रेषा होतात. सर्व कामट्या सारख्या लांबीच्या आहेत, हे मुलाने स्वतः कापल्यामुळे त्याला ठाऊक असते. म्हणून आतला चौरस लहान का दिसतो, याचे उत्तर त्याला सांगावे लागत नाही. एवढे झाले की मोठ्या घनाच्या आत लहान घन दाखवणारे, पुस्तकोपुस्तकी छापले जाणारे चार मितींच्या घनाचे चित्र हे त्याची सावली आहे, आतला घन प्रत्यक्षात लहान नाही, आणि त्या तिरप्या रेषा बाकीच्या कडांएवढ्याच आहेत, हे एका वाक्यात पटते. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून घन व चतुष्फलक करण्याची रीत देशभर पोहोचवली आणि पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत तशा असंख्य वस्तूंना घर मिळाले. कामट्यांचा सांगाडा त्याच परंपरेत बसतो. ज्या आश्रमशाळांत मुलांची घरची बोली भिलोरी, पावरी वा मावची असते आणि पुस्तकी मराठी ही त्यांच्यासाठी शिकण्याची भाषा असते, तेथे वर्णनाच्या तीन पानांपेक्षा हाताने बांधलेला घन अधिक सांगतो.

अवकाशाला तीनच मिती का, हा प्रश्न मात्र कामट्यांनी सुटत नाही. त्यासाठी ग्रहांकडे जावे लागते, आणि वाट खानदेशातूनच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि निकुंभ घराण्याने त्याला दान दिल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त गोलाचे पृष्ठफळ परिघ गुणिले व्यास असे दिले आहे. व्यास दुप्पट केला की परिघही दुप्पट होतो, म्हणून पृष्ठफळ चौपट होते. सूर्याचे गुरुत्वाकर्षण सर्व दिशांना समान पसरते आणि त्याच वाढत्या पृष्ठावर वाटले जाते असे मानले, तर दुप्पट अंतरावर ते चौथ्या हिश्श्याएवढे उरते. न्यूटनच्या व्यस्त वर्गाच्या नियमाचा अवकाशाच्या मितीशी असा थेट संबंध आहे. अवकाश चार मितींचे असते तर दुप्पट अंतरावर आठवा हिस्सा उरला असता, आणि एरनफेस्टने १९१७ मध्ये दाखवल्याप्रमाणे अशा अवकाशात ग्रहांच्या कक्षा स्थिर राहिल्या नसत्या: किंचित धक्क्याने ग्रह सूर्यात कोसळला असता किंवा दूर निघून गेला असता. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षे सूर्याभोवती फिरत आहे, हाच आपल्या अवकाशाच्या तीन मितींचा भक्कम पुरावा होय. अधिक मिती असल्याच तर त्या अतिसूक्ष्म गुंडाळलेल्या असाव्यात, हा कलुझा (१९२१) आणि क्लाइन (१९२६) यांचा विचार पुढे दहा-अकरा मितींच्या तंतुसिद्धान्तांपर्यंत गेला. म्हणूनच गुरुत्वाकर्षण अगदी जवळच्या अंतरावर व्यस्त वर्गाचा नियम सोडते का, हे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी पीळतराजूने, म्हणजे टांगलेल्या तारेच्या पिळावरून क्षीण बल मोजणाऱ्या उपकरणाने, तपासले, आणि २०२० पर्यंत मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत तो नियम टिकला. खगोलशास्त्राच्या लोकप्रिय पुस्तकांत हे प्रकरण सर्वांत आधी यायला हवे, आणि तेच बहुधा गाळले जाते.

त्याऐवजी काय आले आहे, हे पाहून खेद होतो. पाचवी मिती म्हणजे आत्म्याचा स्तर, सप्तलोक म्हणजे सात मिती, असे दाखले देणारी पुस्तके आणि चित्रफिती आज शहाद्याच्या वाचनालयापासून मुंबईच्या प्रदर्शनापर्यंत सर्वत्र मिळतात, आणि त्यांच्या लेखकांपैकी काही जण नारळीकरांच्या नावाचा आधारही घेतात. हा आधार घेणे अनुचित आहे. याच नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसह २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली, हुशार आणि मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका २७ ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या, आणि ४६ टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीने येतील त्याहून चांगली नाहीत. ज्याने दाव्याला आकड्यांनी उत्तर द्यायला शिकवले, त्याच्या चौथ्या मितीत आकडे नसलेला अध्यात्माचा दावा घुसवणे म्हणजे त्याचे पुस्तकच न वाचणे होय. दोष सर्वस्वी त्या लेखकांचा नाही. विज्ञानविषयक नियतकालिकांची वर्गणी शाळांनी थांबवली, ग्रंथालयांत विज्ञानाचे कपाट स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांनी भरले, आणि दिवाळी अंकांतून विज्ञानकथेची जागा आक्रसली, त्या पोकळीत ते आले आहेत.

बांबूच्या कामट्यांचा प्रयोग सूर्याखाली करण्यात एक अडचण उरते. मे महिन्यात शून्य सावली पडते तेव्हा शाळांना उन्हाळी सुटी असते, आणि जुलैमध्ये ती पडते तेव्हा सातपुड्यावर पावसाळी ढग असतात. त्यामुळे जिल्ह्यातील शिक्षकाला दिव्याचाच प्रयोग आधी करावा लागेल, आणि सूर्याचा प्रयोग सुटीत घरी करण्यासाठी मुलांच्या हाती सांगाडा, गावाच्या अक्षांशाप्रमाणे काढलेली नेमकी तारीख आणि त्या दिवसाच्या माध्यान्हाची वेळ लिहून द्यावी लागेल.